लाल रंग कोणाच्या नावावर?

९ मार्च २०१७ रोजी इक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीत एक ई-मेल फिरला. लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास साठवणारी ही कंपनी. आपल्याकडे सिबिल करते तेच काम ती तिथे करते. 'अपाचे स्ट्रट्स' या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी सापडली आहे, ज्यांच्या सिस्टिममध्ये ते असेल त्यांनी ४८ तासांत पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) लावावा, असा त्यात आदेश होता. चारशेहून अधिक लोकांना तो मिळाला. ग्राहकांच्या हरकती नोंदवून घेणाऱ्या ज्या पोर्टलमध्ये स्ट्रट्स खरोखर वापरात होते, त्याची माहिती असलेला डेव्हलपर मात्र त्या यादीत नव्हता. त्याच्या वरिष्ठांना ई-मेल आला होता, पण त्यांनी तो पुढे पाठवला नाही. १५ मार्चला स्कॅनरही चालवला गेला. तो वरच्या फोल्डरात पाहून परतला. स्ट्रट्स आतल्या फोल्डरात होते. अहवाल आला : काही सापडले नाही.

१३ मे रोजी चोर आत शिरले आणि ७६ दिवस आतच राहिले. त्यांची ये-जा टिपू शकणारे एक उपकरण कंपनीकडे होते, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली होती आणि ते कोणी बदलले नव्हते. जुलैअखेर ते बदलले, तेव्हा चोरी दिसली. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. त्यानंतर जे व्हायचे ते झाले. मुख्य कार्यकारी अधिकारी रिचर्ड स्मिथ पायउतार झाले, संसदीय समितीसमोर त्यांनी एका व्यक्तीच्या चुकीकडे बोट दाखवले आणि २०१९मध्ये कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलरची तडजोड केली.

या कथेचा सांगितला न जाणारा भाग अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने मार्च २०१९मध्ये दिलेल्या अहवालात आहे. घटनेच्या दोन वर्षे आधी, २०१५मध्ये, इक्विफॅक्सच्याच अंतर्गत लेखापरीक्षणात मुदत उलटूनही न बुजवलेल्या ८,५०० त्रुटी मोजल्या गेल्या होत्या. कंपनीकडे आपल्या सगळ्या यंत्रांची पूर्ण यादी नाही, आणि पॅच लावण्याचे काम निव्वळ भरवशावर चालते, हेही त्यात नोंदवले होते. म्हणजे स्कॅनर होता, आकडा होता, अहवाल होता. आठ हजार पाचशेंपैकी आज कोणती, आणि ती कोणी बुजवायची, एवढेच ठरलेले नव्हते.

आज बहुतेक मोठ्या कंपन्यांत आणि बँकांत या कामासाठी डॅशबोर्ड असतो. स्कॅनर रोज किंवा दर आठवड्याला सगळ्या सर्व्हरांवरून फिरतो, सापडलेल्या त्रुटी एका पडद्यावर आणतो, त्यांना लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे रंग देतो आणि महिन्याच्या बैठकीत एक उतरता आलेख दाखवतो. महाराष्ट्राला हे जग परके नाही. असे स्कॅनर बनवणाऱ्या क्वालिस या अमेरिकी कंपनीचे मोठे केंद्र पुण्यात आहे. जगभरच्या ग्राहकांच्या लाल रांगा हिंजवडी-खराडीतली मुले रात्रपाळीत बसून हिरव्या करत असतात. डॅशबोर्ड वाईट नाही. पण तो बहुतेक ठिकाणी चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. 'किती राहिल्या?' हा प्रश्न विचारायला सोपा, म्हणून तोच विचारला जातो.

किती राहिल्या, या प्रश्नाला तसा अंत नाही. सार्वजनिक त्रुटींना क्रमांक देणारी सीव्हीई ही यादी मायटर या अमेरिकी संस्थेने १९९९मध्ये सुरू केली. २०२४ या एकाच वर्षात तिच्यात ४० हजारांहून अधिक नव्या नोंदी पडल्या, दिवसाला शंभरावर. त्यातली प्रत्येक प्रत्येकाला लागू नसते, हे खरे. तरी एखाद्या मध्यम बँकेत एक जुनी त्रुटी शंभर संगणकांवर असली की डॅशबोर्ड शंभर रांगा दाखवतो. शिवाय ही सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे तोही डळमळता आहे. फेब्रुवारी २०२४पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय त्रुटी-कोशाचे काम तुंबले आणि हजारो नोंदींपुढचा गुणांचा रकाना रिकामा राहू लागला. एप्रिल २०२५मध्ये तर सीव्हीईचे सरकारी कंत्राटच संपायला आले होते. ऐन वेळी ते अकरा महिन्यांनी वाढवले गेले, म्हणून जगभरचे डॅशबोर्ड दुसऱ्या दिवशी चालू राहिले.

रंग ठरतात ते बहुधा सीव्हीएसएस या शून्य ते दहाच्या गुणांवरून. नऊच्या वर 'क्रिटिकल', सातच्या वर 'हाय'. ही पद्धत सांभाळणारी 'फर्स्ट' ही संस्था स्वतःच सांगते की हे गुण त्रुटीची तीव्रता मोजतात, धोका नव्हे. कुलूप किती कच्चे आहे हे त्यावरून कळते. ते तिजोरीला लावले आहे की अडगळीच्या खोलीला, हे कळत नाही. गाजलेले उदाहरण २०१४च्या 'हार्टब्लीड'चे. इंटरनेटवरचा गोपनीय संवाद ज्या ओपन-एसएसएलच्या भरवशावर चालत होता, त्याच्यातच ही फट होती. सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे कोणालाही बाहेर काढता येत होते, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांसह. तेव्हाच्या पद्धतीने तिला दहापैकी पाच गुण मिळाले. 'मध्यम'! कॅनडाच्या महसूल खात्याला ऐन करभरणीच्या दिवसांत संकेतस्थळ बंद करावे लागले, आणि तोवर सुमारे ९०० करदात्यांचे ओळख क्रमांक चोरीला गेले होते. गुणानुक्रमे वरून खाली काम करणाऱ्या एखाद्या शिस्तप्रिय कर्मचाऱ्याला हार्टब्लीडपर्यंत पोहोचायला कित्येक आठवडे लागले असते.

अमेरिकी सरकारने हा धडा सावकाश घेतला, पण घेतला. २०१९चा त्यांचा आदेश गुणांवर आधारलेला होता : क्रिटिकल असेल तर १५ दिवस, हाय असेल तर ३०. नोव्हेंबर २०२१मध्ये सिसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने तो कायम ठेवून त्याच्या जोडीला वेगळाच निकष लावला. आजवरच्या ज्ञात त्रुटींपैकी चार टक्क्यांहून कमी त्रुटींचा हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापर केला आहे, असे त्यांचे म्हणणे. मग ज्यांचा वापर झाल्याचा पुरावा आहे तेवढ्यांचीच एक यादी करायची आणि प्रत्येकीपुढे तारीख टाकायची. सुरुवातीला 'केव' नावाच्या या यादीत तीनशेच्या आतबाहेर नोंदी होत्या. नव्या त्रुटींना साधारण दोन आठवडे, २०२१पूर्वीच्यांना सहा महिने. अमेरिकी केंद्र सरकारच्या नागरी खात्यांनी ही मुदत पाळलीच पाहिजे, इतरांनी पाळावी अशी अपेक्षा. जोडीला फर्स्टची ईपीएसएस ही पद्धत आहे. येत्या ३० दिवसांत एखाद्या त्रुटीचा गैरवापर होण्याची शक्यता किती, याचा ती रोज अंदाज देते.

या बदलाचे महत्त्व यादीच्या आकारात आहे. ४० हजारांपुढे बसलेला माणूस हताश होतो. तीनशेंपुढे बसलेला कामाला लागतो. आणि बाकीच्या हजारो आज करायच्या नाहीत, हे कोणीतरी अधिकाराने लिहून ठेवलेले असते. डॅशबोर्डचे मुख्य काम हेच असायला हवे : आज काय सोडून द्यायचे ते उघडपणे ठरवणे. आपल्या कार्यालयांना नेमकी याचीच धास्ती वाटते. 'हे आम्ही मुद्दाम ठेवले आहे' असे लिहिण्यापेक्षा 'काम सुरू आहे' हे लिहिणे केव्हाही सुरक्षित.

उतरता आलेख मागितला की उतरता आलेख मिळतो, पुरवण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. एखादा सर्व्हर स्कॅनच्या वेळी बंद असेल तर त्याच्या त्रुटी काही साधनांत आपोआप 'क्लोज' होतात. एखादे जुने यंत्र 'स्कॅन केले की हँग होते' म्हणून यादीतून वगळले जाते आणि पुन्हा कधी घेतले जात नाही. क्रिटिकलचे हाय करता येते, 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणता येते, 'रिस्क ॲक्सेप्टेड' असा शिक्का मारता येतो. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. महिनाअखेर आली की दमलेली माणसे सोपे ते आधी उरकतात, इतकेच.

सरासरीची गंमत आणखी वेगळी. त्रुटी बुजवायला सरासरी किती दिवस लागले, हा आकडा संचालकांना फार आवडतो. समजा, शंभर त्रुटी होत्या. नव्वद सोप्या होत्या, त्या दहा दिवसांत झाल्या. उरलेल्या दहा अवघड, त्या चारशे दिवस पडून आहेत. सरासरी निघते दहा दिवस, कारण हिशेबात फक्त बंद झालेल्या घेतल्या जातात. ज्या कधीच होत नाहीत त्या सरासरी बिघडवतही नाहीत. सगळ्यांत जुनी उघडी रांग किती दिवसांची आहे आणि ती इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या यंत्रावर आहे का, हा एक आकडा त्या सगळ्या आलेखांपेक्षा जास्त सांगतो. तो डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर क्वचितच असतो.

सूचना पोहोचली, पण तिचे काय झाले हे कोणालाच दिसत नव्हते, याचे सर्वांत चांगले दस्तऐवजीकरण ब्रिटनच्या एनएचएस या आरोग्यसेवेचे आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजसाठी पॅच दिला. एनएचएस डिजिटलने १७ मार्चला आणि पुन्हा २८ एप्रिलला रुग्णालयांना तो लावायला सांगितले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर आले. इंग्लंडमधल्या २३६ आरोग्य ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला आणि अंदाजे १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. विंडोज एक्सपीसारख्या जुनाट यंत्रांमुळे हे झाले, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात बाधित झालेली बहुतेक यंत्रे विंडोज सेव्हनची होती, ज्यांना पॅच उपलब्ध होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नोंदवले, की आपल्या सूचना स्थानिक संस्थांनी पाळल्या की नाही हे तपासण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था आरोग्य खात्याकडे नव्हती. म्हणजे इक्विफॅक्सच्या नेमके उलटे. तिथे मोजदाद होती, ठरवणारा नव्हता. इथे आदेश होता, मोजदादच नव्हती. लंडनमध्ये एक साधा तक्ता असता, त्यात २३६ नावे आणि 'झाले / नाही' एवढाच रकाना, तरी मे उजाडण्याआधी कोणीतरी फोन फिरवले असते.

आपल्याकडचा ताजा अनुभव ३१ जुलै २०२४चा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडले, आणि जवळपास तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएम खोळंबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर केलेल्या विश्लेषणानुसार सुरुवात सी-एजपासून झालीच नव्हती. तिच्या एका सहयोगी कंपनीकडचा, 'जेन्किन्स' या सॉफ्टवेअरचा नीट न बांधलेला सर्व्हर हे पहिले दार होते. जेन्किन्समधली ती त्रुटी जानेवारी २०२४मध्ये जाहीर झाली होती, पॅच तेव्हाच आला होता आणि तिचा गैरवापर कसा करायचा याचा कोडही काही दिवसांतच सगळ्यांसाठी उपलब्ध होता.

यातल्या एखाद्या ग्रामीण बँकेचा डॅशबोर्ड त्या दिवशी कसा दिसत असेल? बहुधा उत्तम. बँकेच्या स्वतःच्या यंत्रांत जेन्किन्स नसेलच. सेवा देणाऱ्याच्या सहयोग्याकडे काय आहे, ते कोणत्याच पडद्यावर येत नव्हते. केव यादीवर विसंबलेल्यांचीही निराशाच झाली असती, कारण सिसाने ही त्रुटी त्या यादीत घातली १९ ऑगस्टला, आपल्या बँका एक दिवस बंद पडून गेल्यानंतर. दुसऱ्याच्या घरी आधी चोरी होते, मगच त्या यादीत नोंद पडते; तो दुसरा आपणच असलो तर यादीचा उपयोग नाही. म्हणून एकाच यादीवर भागत नाही. यंत्र इंटरनेटवर उघडे आहे का, गैरवापराचा कोड फिरतो आहे का, आणि त्या यंत्राच्या मागे काय ठेवले आहे, हे तीन प्रश्न ज्या बँकेचे त्या बँकेनेच विचारायचे असतात. तिसऱ्याचे उत्तर तर कोणताही स्कॅनर देत नाही. ते शाखेतल्या जुन्या माणसाला विचारावे लागते.

प्रत्येक रांगेपुढे एका माणसाचे नाव असावे, असे म्हटले की आयटी विभागातली मंडळी अस्वस्थ होतात, आणि त्यांचे चुकत नाही. इक्विफॅक्समध्ये शेवटी काय झाले? ई-मेल पुढे न पाठवल्याबद्दल एका अधिकाऱ्याला काढले, तेही वरिष्ठांची संसदेत साक्ष होण्याच्या आदल्या दिवशी. नाव म्हणजे बळीचा बकरा, हा अनुभव ताजा आहे. त्यावर उपाय नाव न लिहिणे हा नव्हे. ते योग्य पायरीवरचे लिहिणे हा आहे. पॅच लावायला सर्व्हर दोन तास बंद ठेवावा लागतो. तो बंद ठेवायची परवानगी ज्याच्या हातात, त्याचे नाव. महिनाअखेरचे व्यवहार अडतील म्हणून 'नको' म्हणणारा व्यवस्थापक असेल, तर त्याचे नाव, 'नको' म्हटल्याची तारीख आणि ते 'नको' कधी संपणार याची तारीख. 'रिस्क ॲक्सेप्टेड' हा शिक्का कनिष्ठ इंजिनिअरला मारता येता कामा नये. धोका पत्करणारा तो नसतोच. ठेवीदारांच्या वतीने तो संचालक मंडळ पत्करते.

पॅच हाच सगळा उपाय आहे, असाही समज नको. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या विषाणूने जगभर मर्स्क या जहाज कंपनीचे कामकाज ठप्प केले, तेव्हा न्हावाशेव्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरावरचे त्यांच्या गटाचे गेटवे टर्मिनलही अडकले. तो विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून आला होता आणि चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर पॅच लावलेल्या संगणकांतही पसरला. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. पॅचच्या रकान्यात शंभर टक्के हिरवे असलेले कार्यालयही त्या दिवशी वाचलेच असते असे नाही. म्हणून डॅशबोर्डवर 'आम्ही हे तपासत नाही' असाही एक ठळक चौकोन हवा : इतके संगणक स्कॅनमध्ये नाहीत, इतक्या पुरवठादारांची माहिती नाही, बॅकअप शेवटचा अमुक तारखेला उघडून पाहिला. हा चौकोन विकणाऱ्या कंपन्या देणार नाहीत, तो मागून घ्यावा लागेल.

मागणार कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात जास्त बोचरा आहे. देशातल्या नागरी सहकारी बँकांचा मोठा वाटा या राज्यात आहे, आणि ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेल्याचे इथल्या ठेवीदारांनी पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची सायबर चौकट आणली. सेबीने ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी तशीच आणली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२४मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. कागद कमी पडलेले नाहीत. पण संचालक मंडळाच्या बैठकीत आयटीचा विषय शेवटून दुसरा असतो. चहा येऊन गेलेला असतो. पडद्यावर हिरवे वर्तुळ दाखवले जाते आणि विषय मंजूर होतो. थकीत कर्जांची यादी मात्र हेच संचालक कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव आणि किती दिवसांची थकबाकी असे विचारून विचारून वाचतात. नव्वद दिवसांचा आकडा प्रत्येकाला पाठ आहे. थकीत त्रुटींच्या यादीला तेच तीन प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

डिसेंबर २०२१मध्ये उघड झालेल्या लॉग-फोर-जे या घटकातल्या त्रुटीला दहापैकी दहा गुण मिळाले होते. जगातल्या असंख्य जावा प्रोग्रामांच्या पोटात हा घटक बसलेला होता, अनेकदा मालकाच्या नकळत. अमेरिकेच्या एका केंद्रीय खात्याने तिच्या निस्तरण्यात ३३ हजार मनुष्यतास घातले. जुलै २०२२मध्ये तिथल्या सायबर सुरक्षा पुनरीक्षण मंडळाने अहवालात लिहिले, की ही त्रुटी आणखी अनेक वर्षे, कदाचित दशकभर किंवा त्याहूनही जास्त काळ, यंत्रांमध्ये राहणार आहे. म्हणजे कदाचित २०३२पर्यंत. एखाद्या बँकेच्या डॅशबोर्डवर २०२१च्या हिवाळ्यात उघडलेली ती रांग आजही उघडी असेल, तर तिच्यापुढे ज्याचे नाव होते तो एव्हाना दुसऱ्या कंपनीत गेला असेल किंवा निवृत्त झाला असेल. त्याच्या जागी कोणाचे नाव घातले गेले, आणि त्या माणसाला ते सांगितले गेले का, हे येत्या बैठकीत विचारता येईल.